मगदूम अण्णांची फक्की

सव्वापाचचा गजर वृषाली कोगेकर बंद करते आणि "पाचच मिनिटं" असं स्वतःला बजावून पुन्हा कूस बदलते. पहाटेच्या या पाच मिनिटांनी आजवर कोणाचं भलं केलेलं नाही, हे तिलाही ठाऊक आहे. खाली दूधवाल्याची मोटारसायकल थांबते, पिशवी कडीला अडकते, मोटारसायकल निघून जाते. शेजारी श्रीरंग एका लयीत घोरतोय. वृषालीचे डोळे मिटलेत, पण मिटल्या डोळ्यांपुढे एक नकाशा उघडाच आहे आणि तो काही केल्या गुंडाळला जात नाही.

नकाशा सूतगिरणी रस्त्याचा. आज अकरा वाजता नगरपालिकेत त्यावर तिची सही व्हायची आहे. रस्त्याच्या मधोमध खांद्याइतकं उंच रेलिंग, सलग, कुठेही फट नाही. ज्याला पलीकडे जायचं असेल त्याने खालच्या सिग्नलपर्यंत चालत जावं, नाहीतर अठ्ठेचाळीस पायऱ्यांचा पूल चढून उतरावा. मुख्याधिकारी काल म्हणाले होते, "मॅडम, एक माणूस गेलाय तिथे. लोकांनी पाडलेली ती फट बुजवून टाकू, विषय संपेल." गेलेला माणूस म्हणजे बाळगोंडा मगदूम, याच नगरपालिकेचे निवृत्त सर्व्हेअर. वृषाली नवीकोरी इंजिनिअर म्हणून रुजू झाली तेव्हा रस्ता म्हणजे काय हे तिला ज्यांनी शिकवलं, ते मगदूम अण्णा.

दाराच्या मागे खुंटीला एक कापडी पिशवी लटकते आहे. काल संध्याकाळी अण्णांच्या बायकोने, सुशीलाकाकूंनी, ती आणून दिली. "माळ्यावर सापडली बाई. तुमच्याच कामाची असंल," एवढंच म्हणाल्या, पाणीसुद्धा न घेता गेल्या. वृषालीने गाठ सोडली नाही. आत काय आहे ते हाताला लागताक्षणी तिला कळलं होतं.

पिशवी खुंटीवर जराशी हलते. खिडकी तर बंद आहे. मग स्वयंपाकघरातून सायकलची घंटी वाजते. एकदा, मग थोडं थांबून आणखी एकदा.

वृषाली उठते. खरं म्हणजे उठत नाही, पण स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. ओट्यापाशी काळी सायकल स्टँडवर लावलेली, आणि अण्णा वाकून पायजम्याच्या घोट्याला लावलेली क्लिप काढताहेत. डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला दोन टोकांची लाल-निळी पेन्सिल.

"अण्णा, तुम्ही?"

"मग कोण? दार उघडंच हाय तुझं."

"चहा टाकू?"

"नको गं. आता कशाचीच तलफ येत न्हाई बघ. तेवढं एक सुख हाय."

टोपीच्या कडेला तेलाचा तो जुनाच डाग आहे. तो बघून वृषालीला एकदम भडभडून येतं. वर्षभर आपण या माणसाचं नाव घ्यायचं टाळत होतो आणि वर्षभर त्याची आठवण येत होती, हे तिला आत्ता, स्वतःच्या स्वयंपाकघरात, नीट कळतं.

"माझा दाखला पोचला न्हाई न्हवं बँकेत?" अण्णा विचारतात.

"कसला दाखला?"

"हयातीचा. नोव्हेंबर होता की. पेन्शनवाल्यानं वर्साला जाऊन सांगायचं असतंय, मी जिवंत हाय म्हणून. तेच सांगायला निघालो होतो." अण्णा मिशीतल्या मिशीत हसतात. "साहेब म्हणला असंल, मगदूमांनी यंदा आळस केला."

वृषालीला हसू येत नाही. पायाखालच्या फरशीचे चौकोन लांबत जातात, लांबतच जातात, आणि दोघंही सूतगिरणी रस्त्यावर उभी आहेत. ओट्याच्या जागी बसथांबा आहे. त्याच्या बाकावर तिचा कुकर मात्र तसाच ठेवलेला. अलीकडे विणकर वसाहत, पलीकडे बँक आणि दवाखाना, मध्ये रेलिंग. उजाडतंय, पण सूर्य कुठल्या बाजूचा ते समजत नाही.

"डबा घे," अण्णा म्हणतात.

डबा तिच्या हातात आहेच. तळाला खिळ्याने पाडलेली भोकं, आत फक्की. मैदानावर कबड्डीची रेघ मारतात तीच पांढरी भुकटी. कुठलाही रस्ता कागदावर काढण्याआधी अण्णा पहाटे जाऊन त्यावर फक्की टाकायचे. झाडणाऱ्या बायकांना आधी सांगून ठेवायचे की आज इकडे खराटा नको. मग समोरच्या एखाद्या हॉटेलच्या गच्चीवर चढून दहा वाजेपर्यंत बसायचे. पायांनी आणि चाकांनी फक्की जिथे पुसली जाईल, तिथे लाल पेन्सिलीने रेघ. लोक ओलांडणार ते इथूनच, तेव्हा पट्टे इथेच. ऑफिसात सगळे त्याला मगदूमांची रांगोळी म्हणून हसायचे. गावातली पंधरा वर्षांपूर्वीची क्रॉसिंग मात्र आजही जिथल्या तिथे आहेत आणि लोक तिथूनच जातात.

वृषाली डबा हलवत मागे मागे चालते. फक्की पडत राहते, डबा रिकामा होत नाही.

"अण्णा," ती म्हणते, "या रस्त्यावर मी फक्की टाकली नव्हती."

"ठाव हाय."

"तुम्ही रिटायर झाला होतात. मार्चअखेर होती, वरून रोज फोन. कॉम्प्युटरवर सगळा रस्ता दिसतच होता..."

"माणसं दिसत होती त्यात?"

"नाही."

"मग!"

क्रॉसिंग सिग्नलला असावं असं पुस्तकात होतं, म्हणून तिने ते सिग्नलला दिलं, वसाहतीच्या तोंडापासून दोनशे दहा पावलं खाली. महिन्याभरात लोकांनी रेलिंगचे दोन गज वाकवून फट पाडली. नगरपालिकेने जोडली, लोकांनी पुन्हा पाडली. तिसऱ्यांदा कोणी जोडली नाही.

"अण्णा, आणखी एक आहे. चौकशीच्या कागदावर मी लिहिलं की..."

वाक्य ओठांवर येत नाही. यायची गरजही नाही. बसथांब्याच्या पाटीवर, जिथे गाड्यांची नावं असतात तिथे, ते तिच्याच अक्षरात रंगवलेलं आहे. 'मयत इसमाने नियमबाह्य ठिकाणी रस्ता ओलांडण्याचा प्रयत्न केला.' खाली तिची सही.

अण्णा चष्मा कपाळावर चढवून सावकाश वाचतात. दोनदा वाचतात.

"अक्षर चांगलं आलंय," ते म्हणतात. "इसम व्हय मी, पोरी? धा वर्सं माझ्या डब्यातली भाकरी खाल्लीस. इसम?"

वृषाली रडते. स्वप्नात माणूस जसं रडतो तसं, आवाज न फुटता, आणि म्हणून जास्तच. अण्णा तिची समजूत घालत नाहीत. जिवंतपणीही त्यांना ते कधी जमलं नव्हतं. ते सायकल स्टँडवरून काढतात आणि फटीपाशी नेतात.

"ये हिकडं. धर."

पुढचं चाक फटीतून जातं. हँडल जात नाही. अण्णा ते तिरकं करून बघतात, एक मूठ आत जाते, दुसरी गजात अडकते. वृषालीने हे कधी पाहिलेलं नाही, फक्त पंचनाम्यात वाचलंय. आता तिला कळतं की माणूस असा अडकला की त्याची पाठ येणाऱ्या गाड्यांकडे होते.

"मापून बघ."

टेप तिच्या पर्समध्ये नेहमीच असते. "फट बारा इंच."

"आणि हँडल?"

"बावीस."

"सायकल उभी करून, डोक्यावर उचलून न्यायला पायजे होती. चार दिवस तशीच नेली बी. त्या दिवशी वय इसरलो." अण्णा मूठ सोडवतात, अगदी सहज, जणू कधी अडकलीच नव्हती. "तर थोडी चूक माझी बी हाय. लिहून ठेव."

"अण्णा, आज सही करू नको का मी?"

"मला काय इचारतीस? मी मयत इसम." ते डोळे मिचकावतात, आणि तिचं मन थोडं हलकं होतं. "रस्त्याला इचार. आता येतीलच."

आणि येतात. रात्रपाळी संपवून माग बंद केलेली माणसं, सायकलच्या हँडलला डबे, अंगावर सुताचा भुगा. दोन शाळकरी मुली, एकच सायकल दोघींत. खराटेवाल्या बायका. दिवस भरलेली एक लेक आणि तिच्या कमरेला हात देऊन चालणारी आई, दवाखान्याकडे. काठी टेकत एक म्हातारबा, त्यांच्या खिशात घडी घातलेला कागद. सगळे वसाहतीच्या तोंडातून निघतात आणि कोणी शिकवल्यासारखे एकाच जागी येतात. गंमत म्हणजे रेलिंग कुठे दिसतच नाही. फक्कीतून हळूहळू डांबराचा काळा पट्टा उघडा पडतो, बैलगाडीच्या रुंदीचा, थोडा तिरका, थेट दवाखान्याच्या पायरीपर्यंत. खाली सिग्नलला झेब्रा पट्ट्यांवर फक्की जशीच्या तशी पडून आहे. तिच्यावर एका कुत्र्याची पावलं, तीही अर्ध्यातून मागे फिरलेली.

"सोळा फूट," वृषाली म्हणते. "सायकली आणि माणसं मिळून सोळा फूट लागतात. रस्ता इथे उचलून घ्यायचा, फूटपाथच्या पातळीला आणायचा. गाड्यांना चढावं लागेल, माणसांना नाही."

"हां."

"मुख्याधिकारी ओरडतील. गाड्यांचा वेग कमी होतो म्हणतील."

"व्हऊ दे की कमी. त्यांना काय बाळंतीण गाठायचीय?"

तिला हसू फुटतं. अण्णा पेन्सिल काढतात, लाल टोकाला जीभ लावतात आणि तिच्यापुढे धरतात. पण ती घ्यायला जाते तोवर ते हात मागे घेतात.

"पैलं चालून बघ."

"तुम्ही?"

"माझं चालून झालं. तू चाल. पळू नको, लोक पळत्यात तो रस्ता वाईट. सावकाश जा, गाड्यांना थांबू दे."

वृषाली खाली बघते. तिच्या पायांत चपला नाहीत. फक्की तळव्यांना गार लागते, पिठासारखी मऊ. ती चालायला लागते. डावीकडून एक टेम्पो येतोय, पंचनाम्यातला, अण्णांना उडवणारा तोच. पळावंसं वाटतं. ती पळत नाही. टेम्पो उंचवट्यापाशी हळू होतो, थांबतो, आत बसलेला माणूस कंटाळून जांभई देतो. इतकं साधं होतं हे. एक जांभई, एवढ्या वेळाचं काम.

अर्ध्यात ती वळून बघते. अण्णा सायकलवर टांग मारताहेत. घंटी वाजते. एकदा, मग थोडं थांबून आणखी एकदा. ती हाक मारायला तोंड उघडते आणि बसथांब्यावरचा कुकर जोरात शिट्टी देतो.

कुकर स्वयंपाकघरात आहे. पडद्यातून उजेड येतोय. श्रीरंग हातात चहाचा कप घेऊन पलंगापाशी उभा आहे आणि तिच्याकडे नाही, तिच्या पायांकडे बघतोय.

"अगं, हे काय लावलंयस पायाला?"

वृषाली उठून बसते. दोन्ही तळवे पांढरे आहेत. बोटांच्या मधे, टाचेच्या भेगांत, सगळीकडे. चादरीच्या पायथ्याशी पांढरा फराटा. फरशीवर काही नाही, फरशी स्वच्छ आहे. दाराच्या मागे पिशवी लटकते आहे आणि तिची गाठ काल होती तशीच आहे.

"झोपेत चाललीस की काय? थांब, ओलं फडकं आणतो."

"वाजले किती?"

"सहाला दहा कमी."

"झाडणाऱ्या बायका साडेसहाला येतात सूतगिरणी रस्त्यावर," ती म्हणते. "तुझा चिवड्याचा डबा रिकामा आहे ना? आणि एक खिळा दे. मोठा."

"वृषा, अकराला तुझी ती सही आहे."

"आहे. त्या नकाशावर नाही करणार." ती टेबलावरची फाइल ओढते, चौकशीच्या कागदाची प्रत काढते. 'मयत इसमाने' या शब्दांवर काट मारते आणि वर लिहिते, 'श्री. बाळगोंडा मगदूम यांनी'. मग खाली, मोकळ्या जागेत, एक एक शब्द सुटा काढत लिहिते: 'हे क्रॉसिंग चुकीच्या जागी दिले गेले. जागा मी ठरवली. रस्ता न बघता ठरवली.' त्याखाली सही करते. अक्षर चांगलं येतं.

श्रीरंग फडकं घेऊन येतो तोवर ती फक्कीची पिशवी खुंटीवरून काढून दारात पोचलेली असते. चपला घालायचंही तिला सुचलेलं नाही. पलंगापासून दारापर्यंत फरशीवर पांढरी पावलं उमटली आहेत. श्रीरंग ती पुसायला वाकतो, आणि मग काय वाटतं कोण जाणे, फडकं खांद्यावर टाकून त्यांना वळसा घालून खिळा शोधायला जातो.