शर्यतीच्या इतिहासातला दगड

थोरल्याचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. घोडा अडला की मार, जेवण थंड लागलं की ताट भिरकाव; बायको माहेरी निघून गेली ती काही उगाच नाही. अशा या जॉकीने आयुष्यात एकच मोठी शर्यत जिंकली, आणि तीही मारूनच.

ती शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. घोड्याला ती जन्मात एकदाच मिळते, पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नाही. शेवटच्या वळणावर धाकटा भाऊ, तोही जॉकीच, मानभर पुढे गेला, तेव्हा थोरल्याने घोड्यावर उगारलेला चाबूक सरळ धाकट्याच्या तोंडावर ओढला. दोनदा. डावा डोळा जागच्या जागी फुटला. पंचांनी विचारलं, तर रक्ताने माखलेला धाकटा म्हणाला, "टापेखालचा दगड उडून लागला." थोरला गप्प राहिला. कप घरी आला.

त्याला तीस वर्षं झाली. शर्यत शंभरीला टेकली म्हणून क्लब तिचा इतिहास छापत होता. मजकूर तपासायला कारकुनाने दोघा भावांना कचेरीत बोलावलं आणि वाचून दाखवलं, "दुर्दैवाने डोळ्याला दगड लागून..."

"खोडा ते," थोरला म्हणाला. "दगड कसला? मी मारलं त्याला."

"अहो, मग तुमचा विजय जाईल!"

"जाऊ दे खड्ड्यात."

बोलून टाकलं आणि थोरल्याला इतकं हलकं वाटलं, की चक्क हसू आलं. तेच धाकट्याने पाहिलं. भिंतीवर टांगलेला चाबूक त्याने खसकन ओढला. पहिला फटका कानावर बसला, दुसऱ्याने ओठ फाटला, तिसऱ्याला थोरला खुर्चीसकट आडवा झाला. कारकून "अहो, अहो" करत कपाटाला चिकटला. थोरल्याने हात उचलला नाही, जन्मात पहिल्यांदाच.

"एका पोराने दुसऱ्याचा डोळा फोडला हे आईला कळू नये, म्हणून खोटं बोललो मी," धाकटा धापा टाकत ओरडला. "मी कण्हत पडलो होतो, तेव्हा एकदा तरी 'चुकलो' म्हणालास, दादा? मला नाही म्हणालास, आणि पुस्तकात म्हणणार? डोळा माझा गेला. तो कशाने गेला ते मी ठरवणार!"

कारकुनाने पेन उचललं. "मग... काय लिहू?"

धाकट्याने थोरल्याला मानगूट धरून टेबलाशी आणलं. "तू सांग."

रक्त कागदावर टपकत होतं. तीस वर्षांत हे खोटं थोरल्याने स्वतःच्या तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं.

"दगड," तो म्हणाला.