मनोऱ्यावरचा पंच

आता काय सांगू, आपल्याच तोंडानं आपली इज्जत काढायची म्हणजे चहासुद्धा गळ्याखाली उतरत न्हाई! पण ऐका.

मी शाळेत मास्तर, पण देवणीच्या जनावरांच्या प्रदर्शनात तीन वर्षं पंच. अस्सल देवणी गाय शंभर पावलांवरून वळखतो, असा मीच वाजवलेला डंका. यंदाचा पंच ठरवणार होते अध्यक्ष शिवराजअप्पा. म्हणून त्यांची मर्जी राखायला फॉरेस्टातला नवा मनोरा दाखवायला नेलं.

फॉरेस्ट कसलं हो? चार बाभळी अन् गवत! संगं पुण्याहून आलेला मेव्हणा निखिल. गळ्यात दुर्बीण, अंगावर बारा खिशांचं जाकीट. जसं काय वाघ ह्याला मुलाखत द्यायला येणार होता!

वर चढलो तर निखिल म्हणतो, "भाऊजी, गवतात काहीतरी बसलंय."

मी दुर्बीण हिसकावली. पिवळ्या गवतात काळे ठिपके!

"अप्पा, बिबट्या!"

"पण अंग पांढरं दिसतंय," निखिल.

"ऊन पडलंय त्याच्यावर! पुण्यात काय कळतं रे जनावरातलं?"

"आणि डोक्यावर ती शिंगं?"

"कान हायत ते! चिडला की उभे करतो."

अप्पा मटकन खाली बसले. "सर, बीपीची गोळी गाडीत राहिली हो!"

मी गावच्या ग्रुपवर टाकलं, 'बिबट्या हाय. इकडं फिरकू नका. अप्पा अन् मी सुखरूप.' निखिलचं नाव टाकलं न्हाई. का टाकावं?

तासभर वरच अडकलो. पाणी संपलं.

"भाऊजी, ते सारखं चघळतंय."

"शिकार खातोय. गप बस!"

तेवढ्यात एक बाई काठी घेऊन थेट बिबट्याकडं निघाली.

"मावशी, मागं फिरा! बिबट्या हाय!" मी वरून बोंबललो.

तिनं बिबट्याच्या पाठीवर काठी टेकवली. "ऊठ गं कबरे, चल घरी."

बिबट्या शेपूट झटकत उठला. धडधडीत देवणी गाय! निखिल हसलासुद्धा न्हाई, त्याचाच मला लई राग आला.

बाईनं वर बघितलं. "अगं बया, सर तुम्ही व्हय! हिला वळखलं न्हाई? मागच्या साली तुम्हीच की पैला नंबर दिला! अर्धा तास शिंगं धरून बघत होता."

मी खांबाआड तोंड लपवलं. अप्पा उठले, धोतर झटकलं.

"सर, यंदा पंच तुमच्या मेव्हण्यालाच करू. त्याला निदान शिंगं तरी दिसतात."