डॉक्टरांना मी ‘नाही’ म्हणालो

“क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा,” डॉक्टर म्हणाले आणि सीटी स्कॅनची फिल्म त्यांनी उजेडात धरली. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये जुनं रक्त साचून मेंदू दाबला जात होता. “हे हळूहळू साचतं. मागच्या महिना-दीड महिन्यात आजी पडल्या होत्या का?”

माझी मुलगी मित्रा त्याच सकाळी पुण्याहून आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “नाही.”

माझी बायको सुजाता पडली होती. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी, मे महिन्यात. कूलरमध्ये पाणी मी भरायचो आणि फरशीवर सांडलेलं पुसायचा कंटाळा करायचो. “तुमाले किती खेपा सांगतलं, पुसत जा म्हणून,” ती रोज म्हणायची. त्या दुपारी ती घसरली आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. रक्त नाही, टेंगूळही लहानसं. मी म्हणालो, “मित्राले सांगू नको वं. फोनवरच सोलून काढेल मले.” ती कपाळ चोळत हसली. “मंग आता तरी पुसा.”

तीन आठवड्यांनी तिचं डोकं दुखू लागलं. वरणात दोनदा मीठ पडलं. डाव्या पायातली चप्पल चालताना मागेच राहू लागली. मी ठरवलं, ऊन लागलं. पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला आणि तिला त्याच कूलरसमोर निजवलं. सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी तिनं मला विचारलं, “कोणाकडे आले जी तुमी?” तेव्हा ऑटो बोलावला.

ऑपरेशनचं नाव बर होल. कवटीला दोन लहान भोकं पाडून साचलेलं रक्त बाहेर काढतात. सुजाताला आत नेण्याआधी डॉक्टर म्हणाले, “मार लागला नसेल, तर रक्त पातळ करायच्या गोळीचाच परिणाम म्हणावा लागेल.”

सुजाताच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. गेल्या वर्षी मित्रानंच हट्टानं तिला मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं आणि ती गोळी सुरू झाली होती. बाहेरच्या बाकावर मित्रा म्हणाली, “मीच केलं हे, बाबा.” आम्ही दोघंच होतो. खरं सांगायला तेवढा निवांत वेळ पुन्हा मिळाला नसता. मी उठून तिच्यासाठी पाणी आणलं.

दोन दिवस डोक्याला लावलेल्या नळीतून कोऱ्या चहासारखं रक्त पिशवीत उतरत होतं. तिसऱ्या दिवशी सुजातानं मला ओळखलं. “कूलर भरला का?” नर्स हसली, मित्राही हसली. पडल्याचं सुजाताला काहीच आठवत नव्हतं. आता ते फक्त मला माहीत होतं.

महिन्याभरानं तपासणीला गेलो. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करायची होती; ती नसली तर हृदयात रक्ताची गाठ होऊन लकवा मारू शकतो. मित्रानं हात जोडले. “नको डॉक्टर. एकदा आईला मारूनच टाकलं असतं मी.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “विनाकारण रक्तस्राव झाला असेल, तर मलाही धोका वाटतो.”

“पडली होती ती,” मी म्हणालो. “मी सांडलेल्या पाण्यावरून.”

डॉक्टर रागावले नाहीत. “आजोबा, हे तेव्हाच सांगायचं होतं,” एवढंच म्हणाले आणि त्यांनी गोळी लिहिली.

जिन्यावर मित्रानं विचारलं, “काहून, बाबा?” तुझ्या रागाला भ्यालो, हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला म्हणवेना.

तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस पडलं, टेंगूळ कितीही लहान असलं, तरी तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा. उन्हावर ढकलू नका.

सुजाता आता स्वतः स्वयंपाक करते. मित्रा माझ्याशी बोलत नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन आईला येतो आणि ती विचारते, “बाबांनी गोळी दिली का?” मी शेजारीच बसलेला असतो. सुजाता फोन माझ्या तोंडासमोर धरते. “दिली,” मी म्हणतो. पलीकडून “बरं” येतं. दिवसभरात तेवढ्या एका शब्दाची मी वाट पाहतो.