चढाआधी उतरा

बंद मोटार बैलगाड्यावर लादली, तर हुकूम कुणाचा चालावा, साहेबाचा की गाडीवानाचा?

घाटनांदूरचा आमचा गाडीवान निघण्याआधी गुणगुणत आसाला वंगण घालतो, चाकाची खिळी चाचपतो, साखळदंड ओढून बघतो. त्या दिवशी साहेबांची बंद पडलेली मोटार गाड्यावर चढवली, तरी साहेब मोटारीतच बसून राहिले.

"हाक बे! देर कावून?"

"न्हाई हाकत. चढाला वजन मागं गेलं की जू वर उठतंय, बैलांना फास बसतोय. उतरा."

"मी कोण, मालूम हाय?"

"मला हाय, साहेब. बैलांना कुटं मालूम!"

साहेबांबरोबरचे पट्टेवाले खो-खो हसले. साहेबही हसत उतरले. गाडीवानाने चाकामागे लावायचा दगड त्यांच्याच हाती दिला! साहेब तो घेऊन सगळा घाट चढले.

वाचकहो, गाडीवान 'उतरा' म्हणाला, तर हुद्दा न सांगता उतरा आणि दगड तुम्हीच उचला.