माळ्यावरचा जांभळा उजेड

नोकरीत मोठी म्हणता येतील अशी प्रकरणे बरीच हाताळली. त्यातली निम्मी आता मला धड सांगताही येणार नाहीत. सोलापुरातल्या या प्रकरणात शेवटपर्यंत गुन्हाही दाखल झाला नाही, पण ते मात्र अजून बारीकसारीक तपशिलासह डोळ्यांसमोर आहे. निवृत्तीला थोडी वर्षे उरली होती आणि मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. संबंधित माणसे आजही त्याच गल्लीत राहतात, म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही.

खबर देणारा स्वतः ठाण्यात आला होता. पन्नाशीचा, नीटनेटका, एरवी पोलिसांच्या वाटेला न जाणारा. त्याची वस्ती तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबांची.

"साहेब, आमच्या गल्लीत एका घराच्या माळ्यावर जांभळा उजेड असतो ओ. दिवस मावळला की पत्र्याच्या फटीतनं दिसतो. खिडकीला आतनं चंदेरी कागद लावलाय. मालक कुणालाच वर येऊ देत नाही. मागं मोबाईलवर बातमी बघितली, घरात गांजा लावत्यात म्हणून. अगदी तसलाच उजेड."

अशा खबरीत निम्मी शेजाऱ्यांची भांडणे असतात. म्हणून एक अंमलदार साध्या वेशात दोन दिवस गल्लीत फिरवला. उजेड खरा होता. घरमालक पंचेचाळिशीचा, अविवाहित, म्हाताऱ्या आईसोबत राहणारा. आधी यंत्रमाग दुरुस्त करायचा. माग बंद पडल्यावर चिंचोळी एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात लागला. पूर्वीचा एकही गुन्हा नाही. मी खबर लेखी घेतली, वरिष्ठांना कळवली आणि त्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन पंच, वजनकाटा व सीलचे साहित्य घेऊन आम्ही गेलो.

दार त्यानेच उघडले. खाली दोन खोल्या, कोपऱ्यात लोखंडी जिना. आई पलंगावर बसली होती. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे माळ्यावर जाणे तिला शक्यच नव्हते. मी झडतीचे कारण सांगितले तेव्हा तो घाबरला, पण वर बघून नाही. त्याने आधी आईकडे पाहिले. माझ्या ते लक्षात आले होते. त्याचा अर्थ मात्र मी चुकीचा लावला.

माळ्यावर मागाचे जुने सुटे भाग पडले होते आणि मधोमध छातीएवढ्या उंचीचा एक तंबू उभा होता. कपडे ठेवायच्या घडीच्या कपाटाचे पाईप जोडून सांगाडा केलेला. बाहेरून काळे कापड, आतून चंदेरी कागद. चेन उघडताच आतल्या जांभळ्या उजेडाने डोळे दिपले. वर ॲल्युमिनियमचा पत्रा टांगलेला, त्यावर लाल, निळ्या आणि पांढऱ्या एलईडींच्या रांगा. बाजूला छोटा पंखा घुमत होता. खाली रंगाच्या रिकाम्या डब्यांत अकरा रोपे. हाताच्या बोटांसारखी फाकलेली, कडेला दातेरी पाने. प्रशिक्षणात आम्हाला दाखवलेल्या चित्रातली पाने हुबेहूब तशीच होती.

"काय आहे हे?" मी विचारले.

"गोंगुरा आहे, साहेब. मराठीत अंबाडी म्हणता ना, ती."

मी हसलो. पूर्वी एका प्रकरणात गांजाचे पीक लावणाऱ्याने मला नेमके हेच उत्तर दिले होते. आमच्या पथकात करमाळ्याकडच्या खेड्यातल्या एक महिला हवालदार होत्या. त्या वाकून पाने बघत हळूच म्हणाल्या, "साहेब, मला बी ही अंबाडीच वाटती."

"बाई, तुम्ही पंचनाम्याकडे बघा," मी म्हणालो. पंचांसमोर हाताखालच्या माणसाने शंका काढलेली मला आवडली नव्हती. अंबाडी पावसावर बांधाला उगवते, तिच्यासाठी तंबू कोण बांधेल, असा माझा हिशेब.

रोपे मुळासकट उपटली, मोजली, गोणपाटात बांधून सील केली. दिवा, पंखा, टायमर सगळे जप्त. पदार्थ ओळखण्याचे तपासणी किट आमच्याकडे संपले होते. ते दुसऱ्या ठाण्यातून यायला दुसरा दिवस उजाडणार होता. तोवर त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणले.

चौकशीत माणूस कशावर बोलतो यापेक्षा कशावर बोलत नाही ते आम्ही टिपतो. याने नाव, पत्ता, नोकरी सगळे सरळ सांगितले. बियाणे कुठून आणले, या प्रश्नावर मात्र तोंड मिटले. दरडावून झाले, समजावून झाले, चहा देऊन झाला. काही नाही. मग मी विषय बदलला आणि दिवा कोणी बनवला ते विचारले.

"मीच बनवला."

"शिकलास कुठे?"

"मोबाईलवर बघून, साहेब. पहिल्यांदा साध्या पांढऱ्या पट्ट्या लावल्या. रोपं नुसतीच लांबुळकी झाली, आडवी पडली. मग कळलं, झाडाला लाल आणि निळा उजेड जास्त लागतो. सुटे एलईडी आणले. घाईत पत्र्याला नुसतेच चिकटवले, तर तापून एका दिवसात सहा जळाले. मग खाली उष्णता ओढणारी पेस्ट लावली, जाड पत्रा घेतला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला. करंट कमीजास्त झाला की एलईडी जातो, म्हणून रस्त्यावरच्या बिघडलेल्या दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारा डबा, काढून दुरुस्त केला. दिवा फार खाली घेतला तर पानांच्या कडा करपल्या. वीतभर वर उचलला, तेव्हा जमलं."

तासभर तो बोलत होता. चुका लपवत नव्हता. गुन्हेगार माणूस आपल्या कामाची पद्धत इतक्या मायेने सांगत नाही, हे मला तेव्हाच जाणवायला हवे होते.

"आणि तंबू कशाला?"

"या झाडाला लांब रात्र मिळाली तरच कळी धरते. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो. म्हणून बारा तास उजेड, बारा तास गडद अंधार. टायमर त्यासाठीच. मला झाडाचं बी पाहिजे होतं, साहेब. लवकर पाहिजे होतं."

"बी दिलं कुणी?"

पुन्हा गप्प.

त्याचा मोबाईल तपासला. 'मिस्त्री' नावाने साठवलेल्या एका नंबरवर जवळजवळ रोज बोलणे होते, तेही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. घरून एकदाही नाही. पुरवठादार सापडला असे मला वाटले. मी त्याच्याच मोबाईलवरून तो नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. बाईचा आवाज आला.

"दादा, कळी फुटली का?"

मी म्हणालो, "फुटली. तुम्ही कुठे आहात?"

पलीकडचा आवाज बदलला. "तुमी कोन? माज्या दादाला काय झालं?"

तो खुर्चीतून उठून ओरडला, "तू ठाण्यात येऊ नकोस! यात तुझं काही नाही!" फोन कट झाला.

दीड-दोन तासांत मोटरसायकलवरून नवऱ्याच्या मागे बसून ती ठाण्यात हजर झाली. मंद्रूपजवळच्या वस्तीवरून आलेली, पायांना धूळ, डोक्यावर पदर. नवरा मेंढरे राखणाऱ्या कुटुंबातला, मुकाट्याने दाराशी थांबला. दारावरच्या शिपायाकडून गांजाचे नाव ऐकून ती थेट माझ्या टेबलासमोर आली.

"बी म्या दिलंय. त्याला सोडा, मला आत घ्या. पर आदी ते झाड कुटं हाय ते दावा."

सील फोडायला पंच लागतात, हे तिला सांगायच्या आधीच महिला हवालदारांनी टेबलावर चार-पाच पाने ठेवली. पंचनाम्याच्या वेळी गळून पडलेली, पाकिटात वेगळी ठेवलेली. बाईंनी मला विचारले नव्हते. बहिणीने त्यातले एक पान उचलले, तोंडात टाकले आणि माझ्याकडे बघत चावून गिळले.

"गांजा हाय व्हय ह्यो? आंबाट हाय, साहेब. भाकरीसंगं खायाची भाजी."

हवालदारांनी दुसरे पान तोंडात टाकले. "अंबाडीच हाय, साहेब. कालपासनं सांगतेय मी." खरे तर त्यांनी सकाळीच सांगितले होते. त्यांना तो दिवस लांब वाटला असावा. मला तर वाटलाच.

तिसरे पान मी खाल्ले. जीभ आंबट झाली.

मग हकीकत बाहेर आली. बऱ्याच वर्षांपूर्वी बहिणीने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध, दुसऱ्या समाजात लग्न केले. आईने तिचे नाव टाकले. त्यांच्या जुन्या घरामागे आईने माहेरच्या गावाहून आणलेली गोंगुरा होती, लाल देठाची, फार आंबट. घर सोडताना मुलीने त्यातले मूठभर बी एका डबीत नेले. ती गेल्यावर आईने रागाने उरलेली सगळी झाडे उपटली. पुढे म्हातारपणी तिला तीच चटणी आठवू लागली. बाजारातली कुठलीही जुडी आणली तरी एक घास खाऊन ताट सरकवायची.

भावाने बहिणीशी गुपचूप बोलणे ठेवले होते. तिच्याकडे गेल्या साली पाणी नव्हते, पेरले ते जळाले, डबीतले बरेचसे किड्याने खाल्ले. चिमूटभर उरले. निम्मे तिने भावाला दिले, निम्मे स्वतः पुन्हा लावले. ते उगवलेच नाही. गल्लीत माती नाही, शेळ्या मोकाट. म्हणून माळा, तंबू आणि दिवा. बी धरले की वाढवायचे, आईला चटणी करून घालायची आणि ती खात असताना कोणाकडून आले ते सांगायचे, असा दोघांचा बेत होता.

"मग मला सकाळीच का नाही सांगितलंस?" मी त्याला विचारले.

"तुम्ही त्या रोपांना गांजा म्हणत होता, साहेब. बी कुणी दिलं ते सांगितलं असतं तर तुमची गाडी तिच्या दारात गेली असती. सासरी तिचं काय राहिलं असतं? आणि आईसमोर तिचं नाव पोलिसांच्या तोंडून निघालं असतं."

तो म्हणाला तसेच मी केले असते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याची आई शेजारणीचा हात धरून रिक्षातून ठाण्यात आली. बाकावर मुलगी बसलेली तिला दिसली. मुलगी उठून उभी राहिली. दोघी जागच्या जागी. मग मुलीने हातातले उरलेले एक पान पुढे केले. म्हातारीने ते घेतले, तोंडात घातले, बराच वेळ चघळले आणि तेलुगूत एकच शब्द बोलली, "मनदे."

मी मुलाकडे पाहिले. "आपलीच आहे, म्हणते," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्याला आईबहिणीसोबत घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी किट आले. चाचणी नकारात्मक आली. मी ती पुन्हा करवली. कृषी अधिकाऱ्यांनी रोपे बघून तसे लेखी दिले. वरिष्ठांना अहवाल गेला आणि मुद्देमाल परत करायचा ठरला. रोपे एव्हाना वाळली असतील, असे मला वाटत होते. पण गोणपाट ओले निघाले.

"वाळलं तर वजनात फरक पडतो, साहेब, म्हणून पाणी शिंपडत होते," हवालदार बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. अकरापैकी चार रोपे जगली, असे नंतर कळले. चार पुरेशी होती.

दिव्याच्या पत्र्याला आमच्या हाताळणीत बाक आला होता. त्याबद्दल तो काही बोलला नाही. पावतीवर सही करून मात्र म्हणाला, "साहेब, झडतीच्या वेळचा माझा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतोय. खाली लिहिलंय, गांजावाला पकडला. कारखान्यातपण पोचला."

फोटो कोणी काढला ते मी शोधले. माझ्याच पथकातला निघाला. त्याच्यावर कारवाई केली, फोटो काढून टाकायला लावला. पण एकदा पसरलेली गोष्ट परत गोळा होत नाही.

"मी कारखान्याला पत्र देतो," मी म्हणालो.

"पत्र द्या. पण आमच्या गल्लीत पत्र कोण वाचतंय? तुम्ही गाडी घेऊन, वर्दीत आला होता. तसंच एकदा या."

उपनिरीक्षकाला पाठवता आले असते. साहेबांनी स्वतः जायची प्रथा नाही, असे एकाने सुचवलेही. रविवारी सकाळी, गल्लीतली माणसे घरी असताना, मी वर्दी घालून त्याच गाडीतून गेलो. हवालदार बाईंना सोबत घेतले. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली तशी दारे उघडली. खबर देणारा गृहस्थही ओट्यावर उभा होता. त्याने मान खाली घातली. त्याचा दोष नव्हता. त्याने उजेड पाहिला आणि आम्हाला सांगितला. पुढचे काम आमचे होते.

मी मोठ्याने सांगितले की, या घरात भाजीची रोपे होती, या माणसाने कोणताही गुन्हा केलेला नाही, आणि बाईंनी झाड ओळखले होते तरी मी ऐकले नाही. चूक माझी आहे. तीसेक वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी चारचौघांत पहिल्यांदा उच्चारले. अवघड गेले. पण तिथे उभे राहिल्याशिवाय ते पुरे झाले नसते.

त्यानंतर चौकशीला बसलो की, समोरचा गप्प झाल्यावर मी स्वतःला आणखी एक प्रश्न विचारू लागलो. हा काय लपवतोय, हे तर आम्ही विचारतोच. हा कोणाला जपतोय, तेही पाहू लागलो. दर वेळी उत्तर चांगलेच निघाले असे नाही. पुष्कळदा तो स्वतःलाच जपत असायचा. तरी विचारणे सोडले नाही. आणि पथकात कोणी हळू आवाजात शंका काढली, तर हातातले काम थांबवून ती मोठ्याने पुन्हा सांगायला लावायचो, पंचांसमोरसुद्धा.