बायपॅपमधला ‘बाय’

वॉर्डात बारा वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात चेस्ट वॉर्डची सिस्टर. आमचे निम्मे किस्से एकाच शब्दाचे आहेत: बायपॅप. धाप लागलेल्या पेशंटला मास्क बांधून हवा आत ढकलणारं मशीन. श्वास घेताना दाब जास्त, सोडताना कमी. दोन पातळ्या, म्हणून ‘बाय’. एवढंच.

*

नाहूरच्या एका मुलाला मी फोन केला, की बाबांना बायपॅप लावलंय. तो ऑफिसातून धावत आला तो थेट माझ्या अंगावरच. आमची सही न घेता ऑपरेशन केलंच कसं? त्याने ऐकलं होतं बायपास. आत्या साताऱ्याहून निघाल्याही होत्या. मी काही सांगायच्या आत त्याने बाबांचा शर्ट वर करून टाके शोधायला सुरुवात केली. बाबा मास्कआडून मला हातानेच विचारत होते, याला काय झालं?

*

एकदा राउंडला डॉक्टर दारातूनच म्हणाले, "सिस्टर, बायपॅप." शेजारी उभी असलेली पेशंटची मुलगी मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. तिला ऐकू आलं होतं, "बाय, पप्पा." पप्पा कॉटवर उपमा खात होते. तेव्हापासून नातेवाइकांसमोर डॉक्टर ‘बायलेव्हल’ म्हणतात.

*

घाटकोपरच्या एक निवृत्त मराठीच्या बाई. मास्कमुळे बोलता येईना, म्हणून वहीत लिहून विचारलं, याला मराठीत काय म्हणतात? मला सांगता येईना. दुपारी त्यांनीच लिहून दिलं: ‘द्विस्तरीय श्वाससाहाय्यक’. प्रणाली नावाच्या आमच्या नव्या सिस्टरला ते इतकं आवडलं, की तिने कॉटच्या पाटीवर नावाखाली लिहून टाकलं. संध्याकाळी बाईंचा मुलगा माझ्याकडे आला, चेहरा पांढराफटक. "सिस्टर, हा आजार बरा होतो का?"

*

आणि विक्रोळीच्या कमलकाकू. त्यांना मशीन घरी दिलं होतं, रोज आठ तास लावायला. महिन्याने तपासायला आल्या, तर तब्येत आणखी खालावलेली. वापराची नोंद ठेवणाऱ्या मशीनच्या कार्डावर मात्र रोजचे आठ तास चोख. डॉक्टर चक्रावले. खोदून विचारल्यावर काकूंनी सहज सांगितलं, की आम्ही दोघं मिळून लावतो. काकांचा जन्म कारखान्याच्या धुरात गेलेला, त्यांनाही धाप लागते.

"बाय म्हणजे दोन, तुम्हीच सांगितलं होतं ना सिस्टर?"

सांगितलं होतं मीच.

डॉक्टर भडकले. मशीन एकाच माणसाच्या मापाने लावलेलं असतं, असं दुसऱ्याला लावणं जिवावर बेतलं असतं, सगळं सुनावलं. सोबत आलेले काका मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा काकूंपेक्षाही खाली. डॉक्टरांनी तो काढून पुन्हा लावून पाहिला.

"मला माहितीय," काकू म्हणाल्या. "म्हणून तर आठातले सहा तास त्यांचे असतात."