रोगी कोण, हे ठरायचं राहिलं

रविवारी सकाळी विलासच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी स्कूटर पुसत होतो. बरा झालास की अकलोलीच्या कुंडावर जाऊ, असं विलासला कबूल केलं होतं. "भाऊजी, हे गेले," वहिनी म्हणाल्या. फडकं बराच वेळ माझ्या हातातच होतं.

विलास अंबाडीच्या शाळेत शिकवायचा. मी वळ गावचा, ज्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली अशा घरातला. कॉलेजात तत्त्वज्ञान घेणारे आम्ही दोघंच, त्यामुळे सर आले नाहीत तरी तास व्हायचा, म्हणजे भांडण व्हायचं. मला अस्तित्ववादाने झपाटलं होतं. तो बौद्ध, विहारात वाढलेला, पावसाळ्यातल्या वर्षावासाची प्रवचनं ऐकत मोठा झालेला. वर कोणी बसलेलं नाही, आपलं आपणच निस्तरायचं, इथवर आमचं एकमत होतं. वांधे त्यापुढे होते.

नोकरी-संसार सुरू झाल्यावर ते भांडण आम्ही अकलोलीच्या गरम कुंडावर नेलं. काठावर बसून पाण्यात पाय सोडायचे आणि ज्याने आधी बाहेर काढले तो त्या दिवशी हरला, मग मुद्दे कितीही बिनतोड असोत. हा नियम विलासचा. मी म्हणायचो, माणूस निवडतो आणि त्या निवडीतून घडतो, म्हणून त्याच्या जगण्याचा भार त्याच्यावरच. तो म्हणायचा, "निवडणारा 'मी' जरा काढून दाखव की. सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. दुःख हाय, त्याला कारण हाय, म्हणून उपाय पण हाय. तुझी माणसं नुसतं दुखणं सांगतात, औषध देत न्हाईत."

"आणि तुम्ही औषध देता, पण रोगीच नाही म्हणता," हा माझा ठेवणीतला टोला. त्यावर तो इतका हसायचा की शेजारी गुडघे शेकणारे म्हातारे वळून बघायचे. उत्तर मात्र त्याने कधी दिलं नाही. "पुढच्या खेपेला," म्हणायचा आणि मुद्दाम पाय आणखी खोल सोडायचा.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. फार खंगला होता. मला खाटेवर बसवून म्हणाला, "रोगी हाय रे. हा बघ. जाग येते तेव्हा मरण माझं एकट्याचंच असतं. तू जिंकलास."

मला ते जिंकणं नको होतं. मी घाईघाईने त्याचंच त्याला ऐकवलं... सगळं बदलणारं आहे, 'मी' धरून ठेवू नकोस, वगैरे. तो म्हणाला, "हे माझं हाय. तू तुझा टोला हाण ना. मला उत्तर द्यायचंय."

तेवढ्यात नर्स आली. "कुंडावर बोलू," म्हणून मी उठलो.

दिलासा द्यायला त्याच्याकडे घरची होती, विहारातली होती. माझ्याकडून त्याला भांडण हवं होतं. इतकी वर्षं राखून ठेवलेलं ते उत्तर काय असेल, हे मला आता कधीच कळणार नाही. त्याची चुटपुट काही केल्या जात नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतरच्या रविवारी मी एकटाच अकलोलीला गेलो. नेहमीच्या जागी बसून पाय सोडले, ठेवणीतला टोला पुटपुटलो आणि थांबलो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोनाशी बोलता, दादा?"

पाणी अजून सोसत होतं. तरी मी पाय बाहेर काढले. म्हटलं, "विलास, तू जिंकलास."